अन्ननलिकेच्या जोडाची गळती

कर्करोगासाठी अन्ननलिका काढली की तिच्या जागी जठराची नळी करून वर ओढतात आणि वरच्या उरलेल्या तुकड्याला जोडतात. हा जोड सुटून लाळ व पाचकरस बाहेर झिरपणे म्हणजे जोडाची गळती. वॉर्डात तिला नुसते 'लीक' म्हणतात. दहापैकी साधारण एका रुग्णाला ती होते.

दोष बहुधा टाक्यांचा नसतो, रक्तपुरवठ्याचा असतो. जठर छातीत किंवा मानेपर्यंत पोहोचावे म्हणून त्याची डावी धमनी आणि प्लीहेकडून येणाऱ्या लहान धमन्या तोडाव्या लागतात. मग सगळी मदार जठराच्या मोठ्या वक्राच्या (बाहेरच्या फुगीर कडेच्या) बाजूने जाणाऱ्या उजव्या धमनीवर. ती जठरनळीच्या वरच्या टोकापर्यंत जात नाही. तिथे भिंतीतल्या बारीक जाळ्यातून झिरपेल तेवढेच रक्त, आणि जोड घालायचा नेमका तिथेच. त्यात अन्ननलिकेला आतड्यासारखे बाहेरचे चिवट आवरण नाही, बाहेरचे स्नायूतंतू उभे, त्यामुळे टाका ओढला की मांस कापत जातो. नळीवरचा ताण, उतरलेला रक्तदाब, कुपोषण आणि तंबाखू यांची भर पडते. इंडोसायनिन ग्रीन हे चमकणारे रंगद्रव्य शिरेतून देऊन खास कॅमेऱ्याने टोकाचा रक्तपुरवठा पाहता येतो. जो भाग उजळत नाही तो कापून टाकलेला बरा.

आयव्हर लुईस यांच्या पद्धतीत (1946) जोड छातीत असतो, मॅककिओन यांच्या पद्धतीत (1976) मानेत. मानेतला जोड जास्त वेळा गळतो, पण तो बहुधा परवडतो: जखमेचे दोन-चार टाके सोडले की लाळ बाहेर येते, रोज ड्रेसिंग केले की भोक आपोआप मिटते. छातीतला गळला तर पू हृदयामागच्या पोकळीत आणि फुप्फुसाभोवती साठतो. मानेतल्या जोडाची किंमत वेगळी आहे. स्वरयंत्राची चेता दुखावली तर आवाज बसतो, पाणी पिताना ठसका लागतो आणि निमोनिया होतो.

लीक बहुतेकदा पहिल्या दहा दिवसांत उघड होते. तापाची वाट पाहू नये. विनाकारण वाढलेली नाडी, नव्याने अनियमित झालेले ठोके, उतरायच्या ऐवजी चढणारे सीआरपी (रक्तातले दाह दाखवणारे प्रथिन), एवढ्यावर सीटी स्कॅन आणि दुर्बिणीची तपासणी करावी. एक्स-रेत दिसणारे औषध पाजून काढलेला एक्स-रे साफ आला म्हणून निर्धास्त राहता येत नाही. ड्रेनमधले (साठलेला द्रव बाहेर काढण्यासाठी ठेवलेल्या नळीतले) पाणी गढूळ व दुर्गंधी झाले तर लीक. आतड्यात घातलेल्या आहारनळीतून आहार सुरू होताच ते दुधासारखे पांढरे झाले तर जोड नव्हे, छातीतली लसीकावाहिनी (आतड्यातून शोषलेली चरबी रक्ताकडे नेणारी नलिका) फाटलेली असते.

2015 मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार तीन प्रकार आहेत: औषधे व आहारबदलावर भागणारा, दुर्बीण किंवा ड्रेनची गरज पडणारा आणि पुन्हा शस्त्रक्रिया लागणारा. तोंडाने खाणे बंद करून लहान आतड्यातल्या नळीतून आहार देतात. भोकावर आच्छादित स्टेंट (आतून आधार देणारी जाळीची नळी) बसवतात, किंवा पोकळीत स्पंज ठेवून तो सतत शोषणयंत्राला जोडतात. हा स्पंज दर तीन ते पाच दिवसांनी बदलावा लागतो. जठरनळीचे टोकच काळे पडले असेल तर ती नळी काढून अन्ननलिकेचे तोंड मानेवर आणावे लागते; नवा मार्ग काही महिन्यांनी, बहुधा मोठ्या आतड्याचा.

मिटलेले लीकही व्रण सोडते. जोड आकसतो, चपातीचा घास अडकू लागतो आणि दुर्बिणीतून फुगा घालून तो वारंवार रुंद करावा लागतो.