ज्यासारणी, संगणकीय

समान अंतरावरील कोनांच्या ज्या (साइन) व तत्सम गुणोत्तरे काढून ओळीने छापणारी आज्ञावली, तसेच तिने छापलेला तक्ता. प्रोग्रॅमिंग शिकताना आवर्तनाचा (लूपचा) सराव म्हणून ती बहुधा लिहून घेतात.

ज्यासारणीचा उगम वादग्रस्त आहे. ग्रीक ज्योतिषी हिपार्कस याची जीवासारणी (जीवा म्हणजे वर्तुळावरील दोन बिंदूंना जोडणारी रेषा) उपलब्ध नाही. नंतरचा ग्रीक ज्योतिषी टॉलेमी याची सारणी अर्ध्या अंशाच्या अंतराने पूर्ण जीवा देते. अर्धजीवेची, म्हणजेच ज्येची, सारणी आर्यभटाच्या आर्यभटीयात (सु. इ. स. ४९९) आढळते. तिच्यातील ३,४३८ ही त्रिज्या ग्रीकांकडून आली असावी, असे एक मत आहे. परंतु परिघ २१,६०० कला (६० कला म्हणजे १ अंश) धरला की ती आपोआपच निघते, त्यामुळे या मतास फारसे बळ उरत नाही. आर्यभटीयाच्या सारणीत ३ अंश ४५ कलांच्या टप्प्याने २४ ज्यांतरे (लागोपाठच्या ज्यांमधील फरक) दिली आहेत : २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, ... ७. त्यांची बेरीज बरोबर ३,४३८ भरते.

आर्यभटीयाच्या गणितपाद या भागातील बाराव्या श्लोकाच्या अर्थाविषयी टीकाकारांत एकमत नाही. प्रचलित अर्थानुसार, आतापर्यंतच्या ज्येला पहिल्या ज्येने, म्हणजे २२५ ने, भागून येणारा भागाकार चालू अंतरातून वजा केला की पुढचे अंतर मिळते. आज्ञावलीत ही दोन ओळींची कृती आहे. मात्र ती जशीच्या तशी चालवून प्रत्येक पायरीला पूर्णांक केला, तर सहाव्या अंतरापर्यंतच मेळ बसतो. सातवे २०५ ऐवजी २०४ येते आणि ३० अंशांची ज्या १,७१९ (त्रिज्येच्या निम्मी) ऐवजी १,७१६ निघते. अपूर्णांक राखले तरी १,७१७ च्या पुढे मजल जात नाही. तेव्हा मूळ सारणी केवळ या नियमाने रचली नसावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. केरळचे गणिती नीलकंठ सोमयाजी यांनी (सु. इ. स. १५००) भाजक २३३½ व पहिली ज्या २२४ कला ५० विकला घेतली, तेवढ्या बदलाने १,७१९ मिळतात.

आज प्रोग्रॅमिंग भाषेतील तयार फलन (फंक्शन) वापरतात. ते कोन रेडियनमध्ये मागते, म्हणून अंशांना π/१८० ने गुणावे लागते. हे विसरले तर ३० ची ज्या ०.५ ऐवजी −०.९८८ छापली जाते. टप्पा ०.१ अंश असल्यास तो पुन्हापुन्हा मिळवत न जाता पूर्णांक गणक दहाने भागावा, कारण द्विमान (बायनरी) पद्धतीत ०.१ नेमका मावत नाही. ९० अंशांची स्पर्शज्या (टॅन्जंट) अनंत न छापता सु. १.६३ × १०¹⁶ छापली जाते, कारण π/२ ची साठवलेली किंमत खऱ्या किमतीहून किंचित कमी असते.