फिरत्या घरातला फुटका आवाज

अमेरिकेत आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. पलंग, ओटा, फ्रीज, बाथरूम आणि भिंतीवर टीव्ही, सगळं एका गाडीत. इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट हे या गाड्यांचं माहेरघर. अमेरिकेतली मराठी कुटुंबंही सुट्टीत आरव्ही भाड्याने घेऊन यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन गाठतात. पण संध्याकाळी सिनेमा लावला की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. गाडी स्वतःची असेल तर पुष्कळजण लगेच महागडे स्पीकर आणायला निघतात. ही घाई करू नये. आधी कान देऊन ऐकावं. बिघाड कुठे आहे हे बहुतेकदा तो आवाजच सांगतो.

डग्ग्याचा घुमारा गायब आणि तबल्याची चाट तेवढी ऐकू येते आहे? मग छताकडे बघा. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. पुढची आणि मागची लहर एकमेकींच्या बरोब्बर उलट असतात. आरव्हीत अनेकदा छताच्या पातळ प्लायला भोक पाडून स्पीकर नुसता स्क्रूने आवळलेला असतो, मागे बंद पेटी नसते. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर, म्हणजे 100 हर्ट्झची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब. एवढी लांब लहर पाच-सहा इंचांच्या स्पीकरला सहज वळसा घालते. मागची लहर फटींतून पुढे येते, दोघी एकमेकींना खोडतात आणि खर्ज जिरतो. 5000 हर्ट्झची लहर जेमतेम सात सेंटिमीटरची. ती अशी वळत नाही, म्हणून वरचे सूर शाबूत राहतात. स्पीकरच्या कडेला फोमची पट्टी लावून फट बुजवली आणि मागे पेटी बसवली, तर तोच स्पीकर भरदार वाजू लागतो.

असंच खोडणं दोन स्पीकरमध्येही होतं, एकाच्या प्लस-मायनस वायरी उलट जोडल्या गेल्या तर. बॅलन्स पूर्ण एका बाजूला फिरवून बघा. एकटा स्पीकर दोघांपेक्षा भरदार वाटला, तर संशय पक्का धरावा. खात्रीसाठी स्पीकरच्या वायरी अॅम्प्लिफायरपासून सोडवा आणि दीड व्होल्टचा सेल त्यांना क्षणभर टेकवा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लागला की पडदा बाहेर उसळतो. एकाचा बाहेर आणि दुसऱ्याचा आत गेला, तर चोर सापडला!

घरघर आणि शिट्टी हे प्रकरण वेगळं. इंजिन चालू असताना अॅक्सिलरेटर दाबल्यावर शिट्टीचा सूर चढत गेला, तर ती अल्टरनेटरची. अल्टरनेटर एसी वीज बनवतो, डायोड तिची डीसी करतात, पण थोडी लहर उरतेच आणि ती इंजिनाच्या वेगाबरोबर वर-खाली होते. टीव्हीचं अर्थिंग चासीवर, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्यावर, एका जागी आणि स्टीरिओचं दुसरीकडे असेल, तर त्या दोन जागांमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक पडतो. तेवढ्यानेही ऑडिओ केबलच्या जाळीतून प्रवाह वाहतो, आणि अॅम्प्लिफायर त्यालाच गाणं समजून मोठं करतो. कॅम्पग्राउंडच्या विजेवर असताना एकाच सुरात गुणगुण येत असेल, तर ती बहुधा 60 किंवा 120 हर्ट्झची, म्हणजे तिथल्या मेन्सची.

उपाय म्हणजे सगळ्यांचं अर्थिंग एकाच जागी, रंग खरवडून उघड्या केलेल्या धातूवर जोडणं. त्याहून सोपा मार्ग ऑप्टिकल केबलचा. तोशिबाने 1983 मध्ये आणलेल्या या केबलीतून प्रकाश जातो. वीज जातच नाही, त्यामुळे टीव्ही आणि स्टीरिओमधली विजेची साखळी तिथेच तुटते. मात्र गुणगुण घालवण्यासाठी 120 व्होल्टच्या प्लगची अर्थिंगची पिन कुणी कापून टाकायला सांगितली, तर अजिबात ऐकू नका. तीच पिन शॉक बसण्यापासून वाचवते.

संगीत छान, पण संवाद पुटपुटल्यासारखे? मग वायरींना हात लावण्याआधी सेटिंग बघा. 5.1 ध्वनीत, म्हणजे सहा चॅनेलच्या आवाजात, संवाद प्रामुख्याने मधल्या चॅनेलवर असतात. प्लेअर 5.1 वर ठेवलेला आणि जोडलेत मात्र डावा-उजवा दोनच स्पीकर, तर ते संवाद हरवतात. स्टीरिओ निवडलं की मधला चॅनेल दोन्हींत मिसळला जातो. तरीही समाधान झालं नाही, तर टीव्हीखाली छोटा साउंडबार लावा. बोलणारा चेहरा समोर आणि त्याचा आवाज डोक्यावरच्या छतातून, ही कसरत तरी कानांना करावी लागणार नाही.