मोगलीभूमी

मध्य प्रदेशातील शिवनी (हिंदी : सिवनी) जिल्हा आणि त्याला दक्षिणेकडून लागून असलेले नागपूर जिल्ह्यातील पेंच अरण्य यांना पर्यटनाच्या ओघात मिळालेले नाव. रडयर्ड किपलिंग (१८६५–१९३६) यांच्या ‘द जंगल बुक’ (१८९४) व ‘द सेकंड जंगल बुक’ (१८९५) या सचित्र संग्रहांतील मोगलीच्या कथा शिवनीच्या टेकड्यांत घडतात. या स्वतंत्र कथा आहेत; मात्र लांडग्यांनी वाढवलेला मुलगा, बगीरा, बल्लू अस्वल आणि कळपाशी इमान हे धागे सलग असल्याने वाचक त्यांना एकच कादंबरी समजतो. शिवनी हे नाव शिवण वृक्षावरून पडले असावे, असे सामान्यतः मानतात. हे गाव नागपूरपासून सुमारे सव्वाशे किमी. उत्तरेस, जबलपूर मार्गावर आहे.

कथाबीजाविषयी मतभेद आहेत. पर्यटनविषयक लिखाणात १८३१ च्या सुमारास शिवनीजवळ एक ‘लांडगामुलगा’ सापडल्याची व ब्रिटिश अधिकारी कर्नल स्लीमन यांनी त्याची नोंद केल्याची आख्यायिका हमखास आढळते. परंतु लांडग्यांनी वाढवलेल्या मुलांवरील स्लीमन यांची पुस्तिका (१८५२) मुख्यतः अवधमधील, त्यातही सुलतानपूर परिसरातील उदाहरणे देते. नर्मदा खोऱ्यात त्यांनी बरीच वर्षे नोकरी केल्यामुळे ही सांगड पुढे घातली गेली असावी. किपलिंग स्वतः शिवनीला आल्याचा विश्वसनीय पुरावा नाही. पहिल्या कथेच्या मूळ खर्ड्यात तर घटनास्थळ अरवलीत होते. ते नंतर सातपुड्यात आणले गेले. या कथा त्यांनी अमेरिकेत व्हर्मांट येथे राहत असताना लिहिल्या. त्यामुळे स्थलवर्णनाचा आधार रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल यांचे शिवनीतील शिकार व छावणीजीवनावरील पुस्तक (१८७७) हाच असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

स्थलनामे मात्र खरी आहेत. शेरखान मारला जातो ती कोरडी घळ वैनगंगेची. गावकऱ्यांच्या तावडीतून सुटलेले जोडपे ज्या दिशेने पळते ते खान्हीवारा म्हणजे शिवनीच्या पूर्वेकडील कान्हीवाडा. हे पाहता कथांचा मूळ टापू वैनगंगेकडे सरकतो. आज पर्यटक पाहतात तो पेंच व्याघ्र प्रकल्प जिल्ह्याच्या दक्षिण-पश्चिमेस, पेंच नदीच्या दोन्ही बाजूंस आहे. ही नदी कामठीजवळ कन्हानला आणि कन्हान पुढे वैनगंगेला मिळते. नागपूरच्या नळांना येणारे बरेचसे पाणी पेंचचेच आहे. तेव्हा नागपूरकराचा या भूमीशी संबंध रोजचा म्हणायचा.

प्राण्यांच्या बाबतीत कथा व वास्तव सर्वत्र जुळत नाहीत. किपलिंगने बल्लूला तपकिरी म्हटले आहे. येथील अस्वल काळे, लांब नखांचे, वाळवी, मध व मोहफुलांवर जगणारे. कथांतील ‘हाथी’ या हत्तीसारखे रानटी हत्ती पेंचमध्ये नाहीत. बगीरा ही वेगळी जात नसून बिबट्याचेच काळे रूप आहे. कळपाने शिकार करणारे म्हणून येथे लांडग्यांपेक्षा कोळसुंदेच (रानकुत्रे) अधिक दिसतात. कथेत हे रानकुत्रे दख्खनमधून चाल करून येतात. नकाशावर त्यांची वाट शोधू गेल्यास ती नागपूरच्या आसपासूनच जाईल, ही गोष्ट इकडच्या वाचकांच्या सहसा ध्यानात येत नाही.

पहिल्या संग्रहातील चित्रे डब्ल्यू. एच. ड्रेक, पॉल फ्रेंझेनी व लेखकाचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग यांची आहेत. लॉकवुड हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते व १८७५ मध्ये लाहोरला गेले. मराठीत मोगली संक्षिप्त रूपांतरांतून पोहोचला. घराघरांत गेला तो दूरदर्शनवरील हिंदी मालिकेमुळे.

महाराष्ट्रातील पेंच राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये घोषित झाले. मध्य प्रदेशाकडील भागास तो दर्जा १९८३ मध्ये मिळाला. नागपूरहून मनसर, पवनीमार्गे सिल्लारी प्रवेशद्वारी जाता येते; तुरिया प्रवेशद्वार खवासा ओलांडल्यावर शिवनीच्या हद्दीत लागते.