ब्रँडनिष्ठा

ब्रँडनिष्ठा : दुसरे पर्याय समोर असतानाही एकाच नाममुद्रेची वस्तू किंवा एकाच दुकानाचा माल ग्राहकाने पुन्हापुन्हा आणि मनापासून घेणे. नुसती पुनर्खरेदी म्हणजे निष्ठा नव्हे. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे एकाच कंपनीचा साबण मिळत असेल, तर तो नेणारा काही निष्ठावंत ठरत नाही. विपणनाचे अभ्यासक अ‍ॅलन डिक आणि कुणाल बसू यांनी १९९४ मध्ये हा भेद नीट मांडला. खरेदी वारंवार होते पण ओढ नाही, ती आभासी निष्ठा; ओढ आहे पण खरेदी घडत नाही, ती सुप्त निष्ठा. त्याच्या बरीच आधी, १९२३ मध्ये, याच विषयाचे अभ्यासक मेल्विन कोपलँड यांनी नाममुद्रेची ओळख, पसंती आणि आग्रह अशा पायऱ्या सांगितल्या होत्या. शेवटच्या पायरीची खूण किराणा दुकानात सहज सापडते. हवा तो मसाला संपला आहे म्हटल्यावर गिऱ्हाईक दुसरा उचलत नाही, ‘मग राहू दे’ म्हणून पिशवी घेऊन निघते.

पुण्यात या ‘राहू दे’ची कसोटी दुकानदारांनीच वर्षानुवर्षे घेतली. चितळे बंधू मिठाईवाले यांचे दुकान १९५० पासूनचे. दुपारी १ ते ४ ते बंद असे, आणि बंद असूनही गिऱ्हाईक दुसरीकडे न जाता चारला परत येई. २०१७ मध्ये दुकान दुपारीही उघडे राहू लागले, तर त्याची बातमी झाली. ईस्ट स्ट्रीटवरच्या १९५५ सालच्या कयानी बेकरीत श्रूझबरी बिस्किटांसाठी रांग लागते आणि माल संपला की संपला. ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी इतर गावांत उणीव वाटेल. इथे तीच जाहिरात होते. दुर्मीळपणाने मोल वाढते हे खरे, पण माल सुमार असता तर ही ऐट चार दिवसही टिकली नसती.

चव मात्र वाटते तितकी निर्णायक नसते. १९६४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लेबल काढलेल्या बाटल्यांतून लोकांना आपली नेहमीची बिअर ओळखता आली नाही. लेबल लावताच तीच सरस वाटली. बाकरवडीवर असा प्रयोग पुण्यात करणाऱ्याने निकाल जपूनच जाहीर करावा.

जिथे माल पारखणे गिऱ्हाइकाच्या हाती नसते, तिथे निष्ठेमागे जोखीम टाळण्याचा हिशेब असतो. सोन्याचा कस घरी बसून कळत नाही, म्हणून ‘घरचा सराफ’ आजीकडून नातीकडे येतो. सांगलीत १८३२ मध्ये सुरू झालेली गाडगीळांची पेढी १९५८ मध्ये पुण्यात लक्ष्मी रोडवर आली, तेव्हा नावामागे सव्वाशे वर्षांचा विश्वास होता. २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाल्यावर शुद्धतेची हमी शिक्क्याकडे गेली. घडणावळ, नक्षी आणि जुने दागिने मोडताना मिळणारी वागणूक एवढेच आता पेढीच्या नावावर उरते, आणि तेही थोडे नाही.

सोडून जाणे महाग किंवा कटकटीचे असेल तर निष्ठा फुगलेली दिसते. मोबाइल क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय भारतभर जानेवारी २०११ मध्ये झाली. तोवर क्रमांक बदलण्याच्या धास्तीने अनेक जण एकाच कंपनीकडे टिकून होते. याचे सर्वांत बोलके उदाहरण पुण्याजवळच्या आकुर्डीचे आहे. बजाज ऑटोची चेतक स्कूटर १९७२ मध्ये आली. किती माल बनवायचा हे ठरवणाऱ्या सरकारी परवाना पद्धतीमुळे उत्पादनावर मर्यादा होती आणि नंबर लावून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. ही निष्ठाच वाटे, पण तिच्यात नाइलाजाचा वाटा मोठा होता. कमी पेट्रोलवर धावणाऱ्या मोटरसायकली मुबलक मिळू लागल्या तसे गिऱ्हाईक तिकडे वळले, आणि २००९ मध्ये कंपनीने स्कूटर बनवणे थांबवले. तरीही बाबांच्या मागे स्टेपनीला टेकून शाळेत गेलेल्यांच्या मनात ते नाव राहिले होते. २०१९ मध्ये विजेवरची स्कूटर आणताना कंपनीने नवे नाव शोधले नाही. चेतकच ठेवले, आणि २०२०च्या जानेवारीत तिची विक्री पुणे आणि बंगळूरपासून सुरू केली.