रिकाम्या झाडाची उंची किती? बायनरी ट्री आणि रिकर्शनची पार्श्वभूमी

1957 च्या फोरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेत फंक्शनने स्वतःलाच हाक मारायची, म्हणजे रिकर्शनची, सोय नव्हती. लिस्पचा तर तो पायाच होता, आणि 1960 च्या अल्गोलनेही ती दिली. फोरट्रानला मात्र फोरट्रान 90 उजाडावं लागलं. जुना इतिहास इतका पुरे, खरा घोळ पुढचा आहे.

बायनरी ट्री म्हणजे वरच्या एका नोडपासून (रूट) खाली फुटत जाणारी माहितीची रचना, प्रत्येक नोडला डावं आणि उजवं अशी जास्तीत जास्त दोन पोरं. जळगाव-भुसावळकडे टर्बो सी या सी भाषेच्या सॉफ्टवेअरच्या निळ्या पडद्यावर ती शिकलेल्यांना हा घोळ व्हायव्हात भेटला. रिकाम्या झाडाची उंची किती? काही पुस्तकं उणे 1 म्हणतात, काही 0. पहिली रूटपासून सर्वांत खोल नोडपर्यंतच्या जोडणाऱ्या रेषा मोजतात, दुसरी नोड. सूत्र दोघांचं एकच: फंक्शनने स्वतःलाच हाक मारून डावी आणि उजवी उंची काढा, मोठी घ्या, 1 मिळवा. फरक फक्त नल (रिकामी जागा) लागल्यावर काय परत द्यायचं याचा. त्यामुळे एकट्या नोडची उंची एकीकडे 0, दुसरीकडे 1. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझं 0 ऐकून पुढचा नंबर पुकारला. मी अजूनही 0 वालाच. जिथे नोडच नाही तिथे मोजायचं काय?

अर्थात 0 चीही फजिती होते. सर्वांत जवळचं पान (पोर नसलेला नोड) किती खोल, हे काढताना विद्यार्थी त्याच सूत्रात 'मोठी'च्या जागी 'लहान' लिहून मोकळी होतात. रूटला फक्त उजवं पोर असेल आणि तेच पान असेल तर डावीकडून 0 येतो आणि उत्तर निघतं 1. खरं उत्तर 2, कारण रिकामी जागा म्हणजे पान नव्हे. एकच पोर असलेला नोड वेगळा हाताळावाच लागतो.

2015 मध्ये, बायनरी ट्री फळ्यावर उलटी करता आली नाही म्हणून नोकरी नाकारली गेल्याची एका नावाजलेल्या प्रोग्रॅमरची तक्रार गाजली. उलटी करणं म्हणजे प्रत्येक नोडपाशी डावं-उजवं अदलाबदल, बस्स. पुण्याला इंटरव्ह्यूला निघालेली आमची पोरं तेव्हापासून हाच प्रश्न घोकतात. त्यापेक्षा रोल नंबर 1, 2, 3 असे क्रमाने सर्च ट्रीत (लहान आकडा डावीकडे, मोठा उजवीकडे) घालून बघावेत. प्रत्येक नोड उजवीकडेच लागतो. झाड कसलं, भुसावळ यार्डातली मालगाडीच ती. 1,200 डबे झाले की पायथनमधलं उंचीचं फंक्शन चूक दाखवून मध्येच थांबतं, कारण तिथली ठरलेली मर्यादा 1,000 हाकांची. सी तेवढंही सांगत नाही, स्टॅक (हाकांची नोंद ठेवायची जागा) संपला की सरळ कोसळतं.