इंकजेट छायाचित्र-कागद

इंकजेट मुद्रकावर (प्रिंटरवर) छायाचित्रे छापण्यासाठी एका किंवा दोन्ही बाजूंना शाई धरणारा लेप दिलेला कागद. दुकानात तो ‘फोटो पेपर’ याच नावाने मिळतो. मात्र चांदीच्या क्षारांचा, अंधाऱ्या खोलीत धुवायचा जुना फोटो पेपर हा वेगळा प्रकार होय. ग्राहक सहसा चकाकी आणि वजन (जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरला ग्रॅम) पाहून कागद घेतो. चित्राचा रेखीवपणा, रंग व आयुष्य मात्र मुख्यतः लेपाची जात आणि तिचे शाईशी असलेले नाते यांवर ठरते.

झेरॉक्सच्या ७०–८० जीएसएम कागदावर शाईचा थेंब तंतूंच्या वाटेने पसरतो. कडा फुटतात, काळा रंग करडा दिसतो. अडचण जुनीच आहे. जुन्नरी किंवा दौलताबादी कागदाला खळ लावून तो गुळगुळीत दगडाने घोटत, तो बोरूची शाई फुटू नये म्हणूनच. इंकजेटचा थेंब अवघ्या काही पिकोलिटरचा (पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग) असतो व त्यात बहुतांश पाणी असते. ते पाणी झटकन शोषून रंग मात्र वरच्या वर धरून ठेवणे, हे लेपाचे काम.

लेपाचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला फुगणारा लेप : जिलेटीन किंवा पॉलिव्हिनिल अल्कोहॉलसारखे बहुवारिक (पॉलिमर) शाईतील पाण्याने फुगते आणि वाळताना रंजक (डाय, म्हणजे शाईत विरघळलेला रंग) आपल्या आत बंद करून घेते. हवेपासून रंग बराच सुरक्षित राहतो; पण वाळायला वेळ लागतो आणि पाण्याचा थेंब पडल्यास चित्र ओघळते. रंगद्रव्याच्या (पिगमेंट, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांच्या) शाईचे कण या लेपात शिरत नाहीत, वरच राहून पुसले जातात. दुसरा सूक्ष्मरंध्री लेप : सिलिका किंवा ॲल्युमिनाच्या अतिसूक्ष्म कणांमधील पोकळ्या शाई ओढून घेतात. चित्र हाताला लगेच कोरडे लागते, म्हणून आज हाच प्रकार अधिक चालतो. मात्र रंध्रे उघडीच राहत असल्याने हवा रंजकापर्यंत पोहोचते.

या दोषाचा बोभाटा २००० च्या सुमारास झाला. रंजकाच्या (डाय) शाईने सूक्ष्मरंध्री कागदावर छापलेली काही चित्रे उघड्यावर ठेवल्यास थोड्याच काळात नारिंगी पडू लागली. दोष प्रकाशाचा की हवेचा, यावर तेव्हा मतभेद होते. काचेआड ठेवलेल्या प्रती तुलनेने टिकल्या, हे पाहता हवेतील ओझोनने निळसर (सायन) रंजकाचे ऑक्सिडीकरण केले हे मत अधिक ग्राह्य दिसते : सायन उडाला की मॅजेंटा व पिवळा उरतात आणि त्यांचे मिश्रण नारिंगीकडे झुकते. पुढे टिकाऊपणाच्या चाचण्यांत प्रकाशाबरोबर ओझोनलाही स्थान मिळाले. पाकिटावरील ‘१०० वर्षे’ हा आकडा अशा प्रवेगित (तीव्र परिस्थितीत झटपट घेतलेल्या) चाचण्यांतून काढलेला अंदाज असतो आणि तो ठरावीक शाई–कागद जोडीपुरताच खरा मानावा.

लेपाखालचा पाया बहुधा दोन्ही बाजूंनी पॉलिएथिलीनचा पातळ थर दिलेला कागद असतो (‘आरसी’, म्हणजे रेझिन-कोटेड). तो सपाट राहतो. कलाप्रतींसाठी सुती लगद्याचा, आम्लरहित कागद वापरतात. १५८४ पासून चालत आलेल्या हानेम्यूले या जर्मन कागदगिरणीचा ३०८ जीएसएमचा ‘फोटो रॅग’ हे त्याचे परिचित उदाहरण. अशा प्रतींना ‘जिक्ले’ म्हणतात. हा शब्द कॅलिफोर्नियातील नॅश एडिशन्स या मुद्रणशाळेतील जॅक डुगान यांनी, बहुधा १९९१ मध्ये, ‘फवारणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून रूढ केला. आज तो कोणत्याही महागड्या प्रतीला लावतात, त्यामुळे त्यावरून कागदाचा दर्जा ठरवू नये. फार शुभ्र कागदात प्रकाशदीपक द्रव्ये असतात. ती अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश देतात. कालांतराने त्यांचा गुण ओसरतो आणि कागद पिवळट भासतो. जपून ठेवायच्या चित्राला किंचित मलईकडे झुकणारा कागदच बरा.

पृष्ठभागाचे ग्लॉसी (चकचकीत), लस्टर (मंद चकाकीचा), मॅट (बिनचकाकीचा) हे भेद परिचित आहेत. ग्लॉसीवर काळा रंग अधिक गडद दिसतो. तिरप्या उजेडात मात्र पिगमेंट शाईवर काशासारखी (ब्राँझसारखी) झाक येऊ शकते. ती टाळायची तर लस्टर बरा. मॅट कागदासाठी काही मुद्रकांत काळी शाईच निराळी असते, म्हणून मुद्रकात कागदाचा प्रकार अचूक निवडावा लागतो. चुकल्यास शाई जास्त पडून थारोळे साचते.

लेपाची बाजू ओळखण्यासाठी किंचित ओलसर बोट कोपऱ्याला लावतात. चिकटते ती छापायची बाजू. आरसी कागदावरील प्रत लगेच फ्रेममध्ये घातल्यास शाईतील ग्लायकॉलची वाफ काचेच्या आतून धुक्यासारखी बसते. त्यामुळे किमान एक दिवस ती उघडी वाळवतात, वर साधा कागद ठेवून. हा कागद लेझर मुद्रकात घालू नये, उष्ण रुळावर पॉलिएथिलीन वितळून चिकटते. कोकणातील पावसाळी हवेत फुगणारा लेप ओलावा धरतो आणि पाने वळतात. म्हणून उरलेली पाने मूळ पाकिटात, तोंड घट्ट बंद करून, आडवी ठेवतात.