गटात बसण्यापूर्वी: 'अजून कोण?' या प्रश्नाविषयी

आमच्या नौपाड्यातल्या केंद्रात दर शनिवारी संध्याकाळी ६ ते ७.३० गटोपचार चालतो. पहिल्यांदा येणारे बहुतेक जण विचारतात, "सात-आठ अनोळखी माणसांसमोर मी माझं दुखणं का काढायचं?" प्रश्न रास्त आहे, म्हणून हे पत्रक.

सजीव व्यवस्था समजून घ्यायची तर सुटे भाग पाहून भागत नाही, त्यांच्यातले संबंध पाहावे लागतात, असं जीवशास्त्रज्ञ लुडविग फॉन बर्टालन्फी यांनी मांडलं. ठाणेकरांना हे वेगळं सांगायला नको. कळव्याजवळ सिग्नल बिघडला की डोंबिवलीच्या फलाटावर गर्दी साचते. घरातही तेच. "आमच्यात हाच तेवढा चिडका" असं ज्याला म्हणतात, तो पुष्कळदा साऱ्या घराचा ताण एकटा वाहत असतो.

गटालाही असा एक जण पटकन सापडतो. कुणी म्हणालं, "आईला वृद्धाश्रमात ठेवावं असं मनात येतं," की बाकीचे सल्ले देतात, नाहीतर कान उपटतात. तो "हो, पण..." करत राहतो आणि एकटा पडतो. म्हणून आम्ही मानसोपचारतज्ज्ञ इव्हॉन अगाझेरियन यांची उपगटांची पद्धत वापरतो. बोलणारा शेवटी विचारतो, "अजून कोण?" ज्याच्या मनात तसंच काही आहे, तो पुढे बोलतो. वेगळं वाटणाऱ्यांनी थांबायचं. त्यांची पाळी येतेच. सारखेपणाचा आधार मिळाला की आतले बारीक फरक दिसू लागतात: एकाला थकवा, दुसऱ्याला हात झटकणाऱ्या भावाचा राग. मग वृद्धाश्रमाचं नावही नको असलेले बोलतात, आणि कधी त्यांच्याकडूनही तोच थकवा बाहेर येतो. अगाझेरियन यांच्या मते व्यवस्था वाढते ती असे फरक ओळखून सामावून घेतल्यानेच. गटही आणि एकेक माणूसही.

पहिले दोन-तीन शनिवार हे अवघडल्यासारखं वाटेल. तोंडावर आलेला सल्ला गिळणं जड जातं, त्यातून घरात सगळे ज्यांना विचारून वागतात त्यांना तर फारच.

७.३० ला आम्ही थांबतो, कुणाचं बोलणं अर्धं असलं तरी. कोरडं वाटेल, पण शेवट कधी होणार हे ठाऊक असलं की माणूस मोकळं बोलायचं धाडस करतो. गटात ऐकलेलं तलावपाळीच्या फेरीतही कुणापाशी काढायचं नाही.

आधी तुमची स्वतंत्र भेट होईल. गट सगळ्यांनाच मानवतो असं नाही. तसं वाटलं तर स्पष्ट सांगू. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. आणि जीव नकोसा झाला असेल तर शनिवारची वाट पाहू नका: सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे, मराठीतही.